मैदानावरचा सराव आणि मेंदूचे ऐकणे : प्रशिक्षक आणि पालकांसाठी

खेळाडू घडवताना आपण स्नायू, दमसास, आहार आणि नजर यांचा विचार करतो; कान मात्र सरावाच्या आराखड्यात सहसा येत नाहीत. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डॉ. नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचल्यावर ही उणीव अधिकच खटकते. विद्यापीठाच्या संघांतून खेळणारे ४९५ विद्यार्थी आणि त्यांच्याच वयोगटातील, पण संघातून न खेळणारे ४९३ विद्यार्थी यांचे मेंदू आवाजाला कसा प्रतिसाद देतात, याची तुलना त्या अभ्यासात करण्यात आली. आवाजाला मिळणारा प्रतिसाद आणि मेंदूत अखंड चालू असलेली विद्युत खळबळ यांचे गुणोत्तर खेळाडूंमध्ये अधिक चांगले आढळले, आणि त्याचे मुख्य कारण असे होते की त्यांच्यातील ती पार्श्वभूमीची खळबळच कमी होती.

वर्गात शिक्षकांचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे यासाठी शिक्षकांनी आवाज चढवावा किंवा मुलांनी कुजबुज थांबवावी, असे दोन उपाय असतात. वाद्य शिकणाऱ्यांच्या मेंदूत पहिल्या प्रकारचा बदल दिसतो, म्हणजे आवाजातील ठरावीक घटकांना मिळणारा प्रतिसादच बळकट होतो; खेळाडूंच्या मेंदूत दुसऱ्या प्रकारचा फरक दिसतो. प्रशिक्षकांनी हे नीट समजून घ्यावे, कारण पुढची सगळी पथ्ये आणि सगळे सराव त्यावरच आधारलेले आहेत.

हे मोजतात कसे

तपासणीत टाळूवर, कपाळावर आणि कानाच्या पाळीवर इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कानात बसवलेल्या इयरफोनमधून ‘दा’ असे एक अगदी छोटे, सुमारे ४० मिलिसेकंदांचे अक्षर हजारो वेळा ऐकवतात. तपासणी होणाऱ्याने काहीही करायचे नसते. तो शांत बसून राहिला तरी चालते. एका ‘दा’ला मेंदूकडून येणारी लहर इतकी क्षीण असते की एकट्या नोंदीतून काहीच कळत नाही. हजारो नोंदींची सरासरी काढली की आवाजाशी बांधलेला भाग टिकून राहतो आणि इतस्ततः होणारी हालचाल परस्परांना छेदून नाहीशी होते. दोन ‘दा’च्या मधल्या शांततेत जे उरते, ती पार्श्वभूमीची खळबळ. हा प्रतिसाद मुख्यतः मध्यमेंदूतील श्रवणकेंद्राकडून येतो. तो देण्यासाठी इच्छा किंवा मेहनत लागत नसल्यामुळे, तपासणीच्या दिवशी कोणी किती जोर लावला याने निष्कर्ष झुकत नाही, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे.

तरीही हा अभ्यास दोन गटांची तुलना आहे. मेंदू आधीच शांत असलेली मुले खेळाकडे अधिक वळत असतील, ही शक्यता तेवढ्याने मोडीत निघत नाही. शिवाय हे खेळाडू अमेरिकी महाविद्यालयीन खेळातील सर्वोच्च श्रेणीचे होते. तिथे हंगामात आठवड्याला २० तासांपर्यंत सराव घेण्याची मुभा असते आणि त्यामागे शाळेपासूनची वर्षे असतात. म्हणून पंधरा दिवसांच्या उन्हाळी शिबिरातून मुलाचे लक्ष केंद्रित होऊ लागेल, असे आश्वासन कोणत्याही पालकाला देऊ नये.

जे निश्चित करता येते ते असे. प्रथम शरीराचा पाया नियमित ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे आणि प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. स्पर्धेआधी महिनाभर झोडपून घेतलेला सराव आणि नंतरची तीन महिन्यांची सुट्टी यापेक्षा वर्षभर टिकणारा हा साधा क्रम अधिक मोलाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. याच प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवून दिले होते की ज्यांच्या आईला कमी शिक्षण मिळाले होते, अशा किशोरवयीन मुलांच्या मेंदूत ही पार्श्वभूमीची खळबळ अधिक होती. रस्त्याला लागून असलेल्या, दिवसभर गोंगाटाच्या वस्त्यांतील मुलांना फुकट उपलब्ध असलेले मैदान किती गरजेचे आहे, याचा विचार या दोन अभ्यासांना शेजारी ठेवून करावा.

सुटण्याचा सराव

आवाजाची प्रेरणा मेंदूच्या बाह्यपटलापर्यंत साधारण ८ ते १० मिलिसेकंदांत पोहोचते, तर दृश्याला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. त्यामुळे माणूस दिव्यापेक्षा आवाजाला लवकर प्रतिसाद देतो. आवाजाला सुमारे १४० ते १६० मिलिसेकंद, तर दृश्याला १८० ते २०० मिलिसेकंद लागतात. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमानुसार बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत झालेली हालचाल चुकीची सुरुवात ठरते. २०२२ मध्ये यूजीन येथील जागतिक स्पर्धेत डेव्हन अ‍ॅलन ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीतून बाद झाला, तेव्हा त्याची नोंद ०.०९९ सेकंद होती.

आपल्याकडे शालेय सरावात क्लॅपर (एकमेकांवर आपटून आवाज करायच्या दोन फळ्या), शिट्टी किंवा नुसती टाळी वापरतात. त्यात सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘सेट’ ही तयारीची आज्ञा आणि क्लॅपर यांच्यातील वेळेचे अंतर दर वेळी सारखेच असणे. अशा सरावात मूल आवाज ऐकून सुटत नाही, मनात मोजून सुटते. आणि वेगळ्या सवयीचा स्टार्टर, म्हणजे शर्यत सोडणारा, मिळाला की तेच मूल एक तर बाद होते किंवा अडकून राहते. हे अंतर १ ते ३ सेकंदांच्या दरम्यान कोणताही ठरावीक क्रम न ठेवता बदलावे, आणि अधूनमधून ‘सेट’ म्हणून क्लॅपर वाजवूच नये, मुलांना पुन्हा उभे करावे. न वाजलेल्या क्लॅपरला जो जागचा हलत नाही, तो खरोखर ऐकत आहे, असे समजावे.

क्लॅपर वाजवणाऱ्याची जागाही महत्त्वाची असते. प्रत्येक मार्गिका १.२२ मीटर रुंद असते, म्हणजे आठ मार्गिकांची एकूण रुंदी जवळजवळ १० मीटर भरते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. त्यामुळे पहिल्या मार्गिकेजवळ उभे राहून क्लॅपर वाजवला, तर आठव्या मार्गिकेतील धावपटूला तो २५ ते ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि अंतिम रेषेवर हा फरक वीस-पंचवीस सेंटीमीटर इतका भरतो. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे (सुटताना पाय टेकवायच्या ठोकळ्यामागे) ध्वनिक्षेपक ठेवतात तो याचसाठी. आपल्याकडे ते शक्य नसते, म्हणून धावपटूंच्या मागे, मधोमध आणि थोडे दूर उभे राहावे, आणि मुलांच्या मार्गिका दर फेरीला बदलाव्यात. ज्या मुलाला ऐकू कमी येते, त्याला शेजारच्याचे पाय पाहून सुटायला लावू नये. त्याच्यासमोर झेंडा किंवा दिवा ठेवावा. पॅरिसमध्ये १९२४ साली सुरू झालेल्या कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये आज प्रकाशाच्या संकेतावरच शर्यती सुटतात.

खो-खोच्या पट्टीवर

ऐकण्याचा सर्वांत समृद्ध सराव आपल्या मातीतल्या खेळातच आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्टीवरील चौकोनांत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. खो पाठीमागून, हाताने स्पर्श करून आणि मोठ्याने उच्चारून द्यावा लागतो, आणि तो मिळण्याआधी उठणे हा फाऊल आहे. बसलेल्या गड्याला पाठीमागचे फारसे दिसत नाही. पाठलाग करणाऱ्याची पावले कुठून, किती वेगाने येत आहेत आणि संरक्षक कोणत्या बाजूला हूल देत आहे, याचा अंदाज त्याला बराचसा कानांनीच घ्यावा लागतो.

दिशा ओळखताना मेंदू दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्याच्या वेळेतला फरक मोजतो. आवाज अगदी एका बाजूने आला तरी हा फरक सुमारे ०.७ मिलिसेकंदच असतो, आणि बरोबर पाठीमागून आला तर तो शून्य होतो. अशा वेळी आवाज समोरचा की मागचा, अशी गल्लत होते. मान किंचित वळवली की हा फरक पुन्हा निर्माण होतो आणि दिशा स्पष्ट होते. अनुभवी गडी हनुवटी खांद्याकडे थोडी झुकवून बसतात, ती सवय नवख्या मुलांनाही कारण सांगून लावावी. कारण कळले की मुले ती सोडत नाहीत.

सरावाची सुरुवात शांत वेळी करावी. सकाळचे मैदान त्यासाठी उत्तम. बसलेल्या मुलांना डोळे मिटायला सांगावे आणि एकाने त्यांच्या पाठीमागून पट्टीच्या कडेने धावावे. ज्या बाजूने पावले जवळ येत आहेत, त्या बाजूचा हात मुलाने वर करावा. हे जमू लागले की दोघांनी धावावे, एक पाठलाग करणारा आणि एक संरक्षक, आणि पुढे कोण आहे हे बसलेल्याने सांगावे. प्रत्येक मुलाची पावले वेगळी वाजतात, आणि काही आठवड्यांनी मुले आपल्या संघातील गडी पावलांवरून ओळखू लागतात. त्यानंतर खोट्या खोंचा टप्पा घ्यावा. प्रशिक्षकाने कधी नुसता स्पर्श करावा, कधी शेजारच्या चौकोनाजवळ जाऊन नुसते ‘खो’ ओरडावे, आणि कधी दोन्ही एकत्र करावे. उठायचे ते फक्त शेवटच्या वेळी. चुकून उठलेल्याला ओरडू नये, कारण भीतीने तो पुढे खरा खो मिळाल्यावरही अडखळतो.

शेवटी गोंगाट आणावा. बाजूला उभ्या असलेल्या मुलांना आरडाओरडा करायला लावणे पुरेसे आहे. मोठा स्पीकर आणण्याची गरज नाही. गोंगाट इतका असावा की दहापैकी सात-आठ वेळा मूल बरोबर ठरेल. सगळेच चुकू लागले, तर गोंगाट कमी करावा. आवाजातून अर्थ वेचण्याचा हा सराव आहे, सहनशक्तीची परीक्षा नव्हे. संघातील इशारेही याच वेळी तपासून घ्यावेत. गर्दीत व्यंजने आधी बुडतात आणि स्वर टिकतात, म्हणून इशाऱ्याचे शब्द छोटे आणि एकमेकांपेक्षा वेगळ्या स्वरांचे निवडावेत. ‘डावा’ आणि ‘उजवा’ यांचा शेवट सारखाच असल्याने लांबून गोंधळ होतो, असे कोणत्याही सामन्यात दिसेल.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. ती स्पर्धा बंदिस्त स्टेडियममध्ये, मॅटवर झाली. मातीवर जितकी पावले वाजतात तितकी मॅटवर वाजत नाहीत, आणि छताखाली प्रेक्षकांचा आवाज घुमतो. त्यामुळे मातीवर तयार झालेल्या संघाने मॅटच्या स्पर्धेआधी धावांबरोबर कानांचीही सवय करून घ्यावी. किमान काही सत्रे बंदिस्त सभागृहात घ्यावीत.

अंधांच्या क्रिकेटकडे याच दृष्टीने पाहावे. त्यात चेंडूच्या पोटात छर्रे असतात, गोलंदाज खांद्याखालून टाकतो आणि चेंडू सोडताना ‘प्ले’ असा आवाज देतो. ज्यांचे डोळे शाबूत आहेत त्या मुलांनीही डोळ्यांवर पट्टी बांधून असा चेंडू अडवून पाहावा. कानांकडून किती माहिती मिळते हे समजावून सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा हा एक तास अधिक शिकवतो.

स्वतःच्या शरीराचा आवाज

उडी मारून उतरताना किंवा धावताना पाय जमिनीवर जितके जोरात आपटतात, तितका धक्का गुडघ्यांना सहसा जास्त बसतो. ‘गुडघे वाकवून उतर’ या सूचनेपेक्षा ‘आवाज न करता उतर’ ही सूचना मुलांना लवकर कळते आणि तिने गुडघे आपोआप वाकतात. दोरीवरच्या उड्यांत ठेका कान देऊन ऐकायला सांगावा. थकवा आला की ठेका सर्वांत आधी बिघडतो, आणि तो बिघडल्याचे मुलाला स्वतःला कळले की ते वेळीच थांबायला शिकते. हा सराव इअरफोन लावून करता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

गोंगाटाचे पथ्य

मेंदूची शांतता सरावाने मिळवायची आणि त्याच मैदानावर कान बधिर करून घालवायची, हे पाहून फार वाईट वाटते. शिट्टीचा आवाज जवळून १०० डेसिबलच्याही वर जातो. ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास राहणे ही सर्वमान्य मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. म्हणून बंद हॉलमध्ये मुलांच्या कानाजवळ शिट्टी वाजवू नये, सूचनांसाठी हात आणि आवाज वापरावा आणि शिट्टी खेळ थांबवण्यापुरती राखून ठेवावी. रोज अनेक तास शिट्टी वाजवणाऱ्या पंचांनी आणि क्रीडाशिक्षकांनी वर्षातून एकदा श्रवणतपासणी करून घ्यावी. इअरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास आणि लहान मुलांना ७५ डेसिबलला ४० तास अशी आहे.

पुणे-मुंबईकडील संघांत एक बाब आवर्जून विचारावी. गणेशोत्सवाआधी अनेक खेळाडू संध्याकाळी ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जातात. त्यांना फोमचे इअरप्लग वापरायला सांगावे, आणि कानात गूं असा आवाज राहिला किंवा कान बंद झाल्यासारखे वाटले, तर दुसऱ्या दिवशी ऐकण्याचे सराव त्यांच्याकडून घेऊ नयेत. हा तात्पुरता बधिरपणा वारंवार आला तर तो कायमचा होऊ शकतो.

प्रगती कशी नोंदवावी

इलेक्ट्रोडची तपासणी तालुक्याच्या मैदानावर होणार नाही, पण मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पुरेसे हाती लागते. २४० फ्रेम प्रति सेकंद या वेगाने चित्रण केले तर एक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांची होते. क्लॅपर आणि धावपटू दोघेही चौकटीत असावेत. क्लॅपरच्या फळ्या एकमेकांवर आदळल्याच्या फ्रेमपासून धावपटूची पहिली हालचाल दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात, आणि क्लॅपर लांब असेल तर दर मीटरला ३ मिलिसेकंद वजा करावेत. डोळ्यांना दिसणारी हालचाल ब्लॉकवरच्या दाबानंतर येते, म्हणून या आकड्याची तुलना ०.१ सेकंदाच्या नियमाशी करू नये. मुलाच्या स्वतःच्या मागच्या नोंदींशीच करावी. सर्वांत वेगवान नोंदीपेक्षा सगळ्या नोंदी एकमेकींच्या किती जवळ आहेत, याकडे अधिक लक्ष द्यावे. खरे ऐकणाऱ्या मुलाच्या नोंदींत फारशी चढ-उतार नसते.

डोक्याला मार लागल्यास

याच प्रयोगशाळेने २०१६ मध्ये दाखवले की डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसलेल्या मुलांत आवाजाच्या पट्टीला, म्हणजे त्याच्या उंच-खालीपणाला, मिळणारा प्रतिसाद क्षीण होतो आणि मुले बरी होत गेली की तो सुधारतो. डोक्याला मार लागल्यावर आवाज सहन न होणे, बोललेले उशिरा कळणे, डोके दुखणे, चक्कर, मळमळ किंवा गोंधळलेपणा यांपैकी काहीही दिसले तर खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, मग सामना अंतिम असला आणि गडी कितीही मोलाचा असला तरी. शुद्ध हरपली, वारंवार उलटी झाली, झटके आले किंवा डोकेदुखी वाढत गेली तर थेट रुग्णालयात न्यावे. इतर वेळीही डॉक्टरांना दाखवावे, पहिले २४ ते ४८ तास श्रम आणि मोबाइल कमी ठेवावा आणि त्यानंतर हलक्या चालण्यापासून टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस देऊन, डॉक्टरांच्या परवानगीने खेळाकडे परतावे. कबड्डीतील पकडीत आणि फुटबॉलमधील हेडिंगमध्ये हा धोका अधिक असल्याने तिथल्या प्रशिक्षकांनी लक्षणांची यादी पाठच करावी.

परतणाऱ्या खेळाडूला गोंगाटातला खोचा सराव सर्वांत शेवटी द्यावा. तो शांत मैदानावरचा टप्पा विनातक्रार पार पाडत असेल, पण इतरांनी ओरडायला सुरुवात करताच डोके धरत असेल किंवा बाजूला जाऊन बसत असेल, तर तो अजून बरा झालेला नाही, असे धरून एक टप्पा मागे यावे आणि त्याच दिवशी त्याच्या घरी कळवावे.